राजम्मा टीचरची सहा दारं

स्पिंडल मशीनवर अख्खं आयुष्य काढलं असं मी सांगितलं, की लाकूडकामातला माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघत नाही. हातांकडे बघतो. मनातल्या मनात बोटं मोजतो. दहाच्या दहा भरली की जरा हिरमुसतो आणि विचारतो, "सोता चालवत होते, का चालवून घेत होते?"

सोताच चालवत होतो. माझी बोटं शाबूत राहिली त्यात हुशारी कमी आणि नशीब जास्त. ते नशीब कसं होतं हे सांगायचं तर एकाच कामाची गोष्ट सांगावी लागेल. बाकी हजारो दारं-खिडक्या केल्या, त्या आता आठवतसुद्धा नाहीत.

आधी मशीन समजून घ्या. लोखंडी टेबल, टेबलाच्या मधोमध भोक, आणि त्या भोकातून वर आलेला उभा दांडा. हाच स्पिंडल. दांड्यावर कटर चढवायचा, वरून नट आवळायचा. खाली मोटर आणि पट्टा. चालू केलं की कटर इतका गरगरतो की दिसतच नाही, हवेत नुसता करडा ढग दिसतो. त्या ढगाला लागून लाकूड सरकवायचं, तेही त्याच्या फिरण्याच्या उलट दिशेनं. कटरच्या पात्याला जो आकार, तो लाकडात उतरतो. सरळ पातं असेल तर खाच पडते, नागमोडी असेल तर गलता निघतो. गलता म्हणजे दाराच्या चौकटीच्या आतल्या कडेला जी गोलाईची नक्षी असते ती.

आता खरी मेख. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथं भेटतात, तिथं दोघींच्याही कडेला गलता असतो. उंचवट्यावर उंचवटा येतो. घाईचा सुतार दोन्ही टोकं तिरपी कापतो आणि भिडवतो. चार महिने बरं दिसतं. उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं की सांधा उघडतो, मग भुसा आणि सरस कालवून भरतात. चांगला कारागीर तसं करत नाही. तो आडव्या पट्टीच्या टोकाला गलत्याचा बरोब्बर उलटा आकार काढतो. जिथं हिचा उंचवटा, तिथं तिचा खड्डा. मग दोन्ही पट्ट्या एकमेकींत अशा बसतात की लाकूड आक्रसलं तरी फट दिसत नाही. त्यासाठी पात्यांच्या दोन जोड्या लागतात, एक सुलटी आणि एक उलटी. पाती कोणती निवडायची, ती कशात धरायची, यावर सगळं काम. आणि कधीकधी जीवसुद्धा.

मी आदिलाबादला गंगाराम शेठच्या कारखान्यात होतो. कारखाना म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, एका बाजूनं फाटक, मागं सागाचे ओंडके. माझे उस्ताद करीमभाई. त्यांची आठ बोटं होती, दोन ओंडके कापायच्या आऱ्यावर गेलेली. गंगाराम शेठ तसा भला माणूस, पण एकदा गिऱ्हाइकाला तारीख दिली की त्याच्या अंगात यायचं.

राजम्मा टीचर आमच्याकडे आल्या तेव्हा नुकत्याच शाळेतून रिटायर झाल्या होत्या. मूळच्या तेलुगू, पण सारी नोकरी जवळच्या जैनथ गावाच्या बाजूला गणित शिकवण्यात गेलेली. "मला मराठी तुमच्या पोरांनी शिकवली," म्हणायच्या. "मी त्यांना भागाकार दिला, त्यांनी मला शिव्या दिल्या. त्यातूनच शिकले." आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेली एकटी बाई. आता आदिलाबादला स्वतःचं घर बांधत होत्या. सहा दारं हवी होती, साग त्यांनी लाकडाच्या डेपोत जाऊन एकेक फळी वाजवून स्वतः निवडलेला.

पहिल्याच दिवशी त्यांनी पर्समधून एक पोस्टकार्ड काढलं. आमच्या तयार दारांपाशी गेल्या आणि कार्डाची कड सांध्यात सारून पाहिली. तीन दारांत कार्ड आत गेलं.

"हे दार कोणासाठी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे एक गिऱ्हाईक," शेठ म्हणाले.

"त्याला द्या. माझ्या दारात कार्ड गेलं तर मी दार परत पाठवणार."

करीमभाई खूश झाले. कुणीतरी नीट बघणारं आलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वसंत, ये काम उलटी पाती का है. ठीक से करेंगे."

टीचर मग रोज यायला लागल्या. पत्र्याच्या भिंतीपाशी एक स्टूल होतं, त्यावर बसायच्या आणि टक लावून बघायच्या. करीमभाईंनी दोनदा सांगितलं, "टीचर, वहाँ नक्को बैठो. कटर की सीध है." पण पंख्याचं वारं तिथंच लागायचं. त्या स्टूल दोन हात सरकवायच्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथंच असायच्या. माणूस रोज दिसायला लागला की आपल्यालाही त्याचं काही वाटेनासं होतं. ही माझी पहिली चूक. त्या तिथून हलेपर्यंत मी मशीन बंद ठेवून उभं राहायला हवं होतं.

दुसरी चूक समजायला आमच्या कॉलरी माहीत पाहिजेत. त्या काळी आमच्याकडे पाती धरायला दोन लोखंडी चकत्या होत्या, त्यांना कॉलर म्हणत. समोरासमोरच्या तोंडांना खाचा. खाचेत दोन बाजूंना दोन पाती ठेवायची आणि वरून नट आवळायचा. पातं तिथं राहतं ते फक्त दाबावर. ना खिळा, ना स्क्रू. आता दोन्ही पाती अगदी सारख्या जाडीची असतील तर दाब दोघांवर बसतो. एक जरी कागदाइतकं जाड निघालं, तर सारा दाब त्यावर जातो आणि दुसरं नुसतं आत उभं असतं. हाताला ते घट्टच लागतं. फिरायला लागल्यावर ते घट्ट नसतं.

करीमभाईंनी मला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पाती मोजायचं माप त्यांच्या पेटीत असायचं, कुलपात.

मी उलटी पाती घासायला बसलो. सहाणेच्या चाकावर जोर जास्त पडला आणि एक पातं तापून निळं पडलं. पोलाद निळं पडलं म्हणजे मेलं, त्याला धार टिकत नाही. मी कोपऱ्यातला दुसरा तुकडा शोधून काढला आणि त्याचं पातं केलं. आकार तंतोतंत आला. तो शुक्रवार होता, करीमभाई नमाजला गेलेले. दोन वाजता करंट जाणार होता. आणि गृहप्रवेशाची तारीख जवळ आली म्हणून शेठ सकाळपासून मागं लागलेले.

मी दोन्ही पाती एकावर एक ठेवली, कडेवरून नख फिरवलं. सारखी वाटली. चढवली, आवळली, चालू केलं.

पहिल्या पट्टीचं टोक सुरेख निघालं. मशीन बंद करून मी ते टीचरच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या पट्टीच्या तुकड्यात ते बसवलं, कार्ड काढलं. कार्ड जाईना. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"इथं उजेड कमी आहे," त्या म्हणाल्या आणि सांधा घेऊन उठल्या.

मी दुसरी पट्टी लावली आणि मशीन चालू केलं. निम्मं टोक कापून झालं असेल, ताड असा आवाज झाला. बंदुकीचा आवाज मी कधी ऐकला नाही, पण तसाच असावा. पट्टी हातातून निसटली, आणि टेबल थरथरायला लागलं.

एक पातं गेलं होतं. दुसरं अजून आत होतं आणि तोल गेलेला स्पिंडल गरगरत होता. मी बटण दाबलं आणि खाली बसलो, टेबलाच्या आड. बंद केल्यावरही तो दांडा लगेच थांबत नाही. दुसरं पातं सुटलं तर कुठं जाईल सांगता येत नव्हतं. त्यामुळं डोकं वर काढून स्टुलाकडं बघायची सोय नव्हती. मी ओरडलो, "टीचर!" मशीनच्या खडखडाटात माझाच आवाज मला आला नाही. पुन्हा ओरडलो. उत्तर नाही.

स्पिंडल थांबायला फार तर मिनिटभर लागलं असेल. तेवढ्यात मी त्या बाईला मेलेली पाहिली, तिच्या नातेवाइकांना तोंड दिलं, पोलिसांना जबाब दिला. भुशात गुडघे टेकून सगळं करून झालं.

थांबलं तेव्हा उभा राहिलो. स्टूल रिकामं होतं. मागच्या पत्र्याला लांबुडकं भोक पडलं होतं, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. भोकातून ऊन आत आलं होतं.

"एमैंदी? काय झालं रे?" फाटकापाशी टीचर उन्हात उभ्या होत्या. एका हातात सांधा, दुसऱ्या हातात कार्ड.

मी तिथंच ओंडक्यावर बसलो. त्या आत आल्या, स्टूल पाहिलं, पत्र्याचं भोक पाहिलं. त्या भोकात त्यांनी हळूच बोट घालून पाहिलं. मग शाळेत विचारत असतील तसं विचारलं, "चूक कोणाची?"

"माजी," मी म्हणालो.

"काय चुकलं ते सांगता येईल?"

सांगितलं. नख फिरवलं, माप घेतलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाणी आण. आधी तू पी."

करीमभाई आले. पातं मागच्या कुंपणाबाहेर, बाभळीच्या खोडात रुतलेलं सापडलं. त्यांनी दोन्ही पाती पुन्हा कॉलरीत ठेवली, प्रत्येक पात्यावर वर्तमानपत्राची एक पट्टी ठेवली, नट आवळला आणि पट्ट्या ओढल्या. एक पट्टी फाटली. दुसरी अलगद बाहेर आली. एवढी साधी परीक्षा. पेटीतल्या मापाचीसुद्धा गरज नव्हती, नुसता रद्दी कागद पुरला असता. ते मला रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. ते रागावले नाहीत. ती न फाटलेली पट्टी माझ्या हातात देऊन तोंड धुवायला निघून गेले.

घरी मी काही बोललो नाही. बायको, सुमन, स्वयंपाक करत होती. तिच्या हातून ताट पडलं आणि मी दचकून खालीच बसलो. "काय झालं जी?" तिनं विचारलं. "भोवळ आली," म्हणालो. तिनं लिंबूपाणी करून दिलं.

दुसऱ्या दिवशी शेठनं हिशोबी तोंडानं सांगितलं, "झालं ते झालं. देवानं वाचवलं. आता दोन पाती सारकी मोजून लाव अन् काम चालू कर. वीस वर्सं ह्याच कॉलरीवर चाललं ना?"

"मी नाही लावत," मी म्हणालो.

"काऊन?"

"मी कॉलरीवर आता हात ठेवत नाही शेठ. पात्याले खीळ असलेला लोखंडी ब्लॉक आणा. नाही तर दुसरा माणूस पाहा."

हे बोलताना मला घरातली दोन लेकरं दिसत होती. आदिलाबादला स्पिंडल असलेले कारखाने किती होते? मी शूर नव्हतो. मला फक्त भीती शेठपेक्षा त्या दांड्याची जास्त वाटत होती.

शेठ म्हणाले, "टीचरचा गृहप्रवेश पंधरा दिवसांवर आला. हैदराबादेहून ब्लॉक आणायचा, बसवायचा, पाती करायची. मुहूर्त काय थांबते?"

टीचर फाटकात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नव्हतं. "थांबतो," त्या म्हणाल्या. "मुहूर्त आमच्या भटजींनी, पंतुलुगारूंनी काढलाय. ते दुसरा काढतील. त्यांना एवढंच तर काम आहे."

"लोकांना सांगून झालं ना टीचर..."

"लोकांना मी सांगेन. गंगाराम शेठ, त्या भोकात बोट घालून बघा एकदा."

शेठ गेले, भोकापाशी उभे राहिले. बोट घातलं नाही. पण त्याच आठवड्यात मी आणि करीमभाई हैदराबादच्या लाल बसमध्ये होतो.

हैदराबादेत राणीगंजच्या दुकानदारानं आमच्यासमोर आधी एक मोठाच्या मोठा ब्लॉक ठेवला. चकचकीत, परातीएवढा. "इसपे आँख बंद करके काम करो," म्हणाला.

मी त्यावर कोरलेले आकडे वाचले. प्रत्येक ब्लॉकवर जास्तीत जास्त किती वेगानं फिरवायचा ते लिहिलेलं असतं. जेवढा घेर मोठा, तेवढा वेग कमी ठेवावा लागतो. आमच्या मशीनचा सगळ्यात हळू वेगसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त होता.

"हा आमच्याकडं फुटेल," मी म्हणालो.

"अरे, कुछ नहीं होता."

करीमभाई म्हणाले, "मियाँ, पत्रे में सुराख देखने कू आदिलाबाद आ जाओ."

मग त्यानं दुसरा डबा काढला. त्यात उलटी-सुलटी जोडी तयार होती, टोकाला ते कठीण करडं कार्बाइड बसवलेलं. साग म्हणजे मऊ दिसतो, पण त्यात बारीक रेतीसारखं काहीतरी असतं, साध्या पोलादाची धार दुपारपर्यंत मारतो. कार्बाइड महिना महिना चालतं. मला मोह झाला. पण दोन अडचणी होत्या. एक तर गलता त्यांचा ठरलेला, टीचरनी निवडलेला नव्हे. आणि त्याला धार लावायची तर वेगळी सहाण लागते, ती आमच्या गावात नव्हती. दर वेळी हैदराबादला कोण येणार? जी धार आपल्याला लावता येत नाही, ते हत्यार आपलं नसतं, उसनं असतं.

शेवटी घेतला तो लहान घेराचा, दोन पात्यांचा, दिसायला अगदीच गरीब ब्लॉक. त्यात प्रत्येक पात्यासाठी दोन खुंट्या होत्या, पात्याला दोन भोकं. पातं खुंट्यांत अडकतं आणि वरून पट्टीनं आवळलं जातं. नट ढिला राहिला तरी ते बाहेर उडू शकत नाही. पातं बाहेर डोकावतं तेही अगदी थोडं, म्हणजे हात चुकून लागलाच तर कातडं जाईल, हात जाणार नाही. आमच्या दांड्याला ब्लॉकचं भोक बरोबर बसतंय ना, हे करीमभाईंनी घरून आणलेल्या, दांड्याच्याच जाडीच्या लाकडी गुल्लीवर चढवून पाहिलं. सोबत कोरी पाती घेतली, आकार मी घासणार होतो.

या वेळी निळं पडू दिलं नाही. घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. तीन दिवस लागले. मग दोन्ही पाती वजनाला सारखी पाहिजेत म्हणून सोनाराकडं गेलो. सोनार म्हणाला, "वसंतराव, लोखंड तोलाले आणलं काय?" त्यानं काट्यावर घातली. एक पातं गहूभर जड निघालं. मी मागच्या बाजूनं घासून आणलं, त्यानं पुन्हा तोललं. तिसऱ्या खेपेला काटा मधोमध उभा राहिला, तेव्हा तोच माझ्यापेक्षा जास्त खूश झाला.

आणखी एक गोष्ट ठरवायची होती. जड दाराला लांब कुसू लागतं. कुसू म्हणजे पट्टीच्या टोकाची जीभ, जी दुसऱ्या पट्टीच्या भोकात घुसते. पण टोकाला लांब जीभ ठेवली तर ती स्पिंडलच्या नटाला अडते, मग उलटा गलता काढता येत नाही. म्हणून आम्ही टोक सपाट ठेवून गलता काढला, दोन्ही पट्ट्यांना भोकं पाडली आणि मध्ये सागाचं वेगळं कुसू ठोकलं. टीचरना ते पटेना. "बाहेरून आणलेलं? टिकेल?"

"टीचर," करीमभाई म्हणाले, "अपना कुसू एकीच पट्टी का रहता. ये दोनों का है. ज्यादा टिकता."

पहिला सांधा ठोकून झाला. टीचरनी पोस्टकार्ड काढलं. कार्ड गेलं नाही. त्यांनी ते कार्ड तिथंच भुशात टाकून दिलं आणि उरलेली पाच दारं बघितलीच नाहीत.

जुन्या कॉलरी शेठ भंगारात देणार होते. करीमभाईंनी देऊ दिल्या नाहीत. भंगारातून कुणीतरी उचलेल आणि पुन्हा चढवेल. वेल्डिंगवाल्याकडे नेऊन दोन्हींचे उभे तुकडे करवले, मगच दिल्या.

दुसऱ्या मुहूर्तावर गृहप्रवेश झाला. मी आणि सुमन गेलो. दाराला आंब्याचं तोरण, उंबऱ्याला हळद. टीचर नव्या पातळात, प्रत्येकाला हात धरून आत नेत होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी सुमनला जवळ बसवलं, तिची ओटी भरली आणि पत्र्याच्या भोकाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांना वाटलं, तिला माहीत असेलच. मी लांबून बघत होतो. सुमन मान हलवत होती, जणू सगळं ठाऊक आहे.

परत येताना ऑटोत ती ओटीतला नारळ मांडीवर धरून बसली होती. जीन प्रेसपाशी कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला, ऑटो थांबला, तेव्हा म्हणाली, "मले सांगितलं काऊन नाही?"

"तू भेली असती."

"भेलीच असती," ती म्हणाली. "मंग इतके दिवस तुमी एकटेच भिऊन राह्यले?"

मी काही बोलायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. पत्र्याला भोक पडलं त्या दिवशी आलं नव्हतं, शेठसमोर आलं नव्हतं. ऑटोवाला मागं वळून बघायला लागला. सुमननं नारळ मांडीवरून बाजूला ठेवला, पदर माझ्या हातात दिला आणि त्याला म्हणाली, "भाऊ, घाई नाही आमाले. जाऊ दे गाड्या."